‘माझ्याच्यानं होणार नाही’ हे वाक्य आधी वहीत उतरवा

सराव परीक्षेचा निकाल लागतो. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या धर्तीवरच्या पेपरात 200 पैकी 86.5 गुण. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला 112. लगेच डोक्यात सुरू होतं: ‘आपण मठ्ठच. दोन वर्षं घालवली, घरच्यांचे पैसे घालवले, माझ्याच्यानं होणार नाही.’ ज्यांचा अभ्यास चांगला आहे त्यांनाही हे चुकत नाही. म्हणून याला आवर घालायची रीत अभ्यासासारखीच शिकून घ्यावी लागते.

सुरुवात शंभर पानी वहीपासून करा. मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. ‘वाईट वाटतंय’ असं मोघम लिहून उपयोग नाही. मन जे शब्द वापरतं तेच कागदावर येऊ द्या, शिवी असेल तर शिवीसुद्धा. मोबाइलवर लिहू नका, कारण तो हातात आला की दोन मिनिटांत टेलिग्रामवर कट-ऑफची चर्चा उघडते.

आता पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘नोंद’ लिहा, उजवीकडे ‘शेरा’. जे मोजता येतं, दुसऱ्यालाही तसंच दिसतं, ती नोंद: 86.5 गुण, दुसरा प्रयत्न. ‘मठ्ठ’, ‘वाया’, ‘कधीच’ हे शेरे. शाळेच्या प्रगतिपुस्तकात या दोन्हींचे रकाने वेगळे असायचे. मनात मात्र शेरा नोंदीच्या वेषात येतो, आणि म्हणून खरा वाटतो. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा गाभा हाच आहे: घटना आणि आपली घालमेल यांच्या मध्ये घटनेबद्दलचं आपलं मत उभं असतं, आणि ते तपासता येतं.

तपासणी आकड्यांनीच करा. समजा 100 पैकी 82 प्रश्न सोडवले, 51 बरोबर, 31 चूक. प्रत्येक प्रश्नाला 2 गुण, चुकीला 0.5 वजा: 102 मधून 15.5 गेले, राहिले 86.5. आता त्या 31 चुकांचे गट पाडा. समजा 14 प्रश्नांचा भाग वाचलाच नव्हता, 8 मध्ये दोन पर्यायांत घोळ झाला आणि 9 मध्ये प्रश्नच नीट वाचला नाही; ‘अयोग्य विधान ओळखा’ असताना योग्य विधान निवडलं. हे 9 सावरले तर 22.5 गुण वाढून 109 होतात. ‘मठ्ठ’ या शेऱ्यावर करण्यासारखं काहीच नसतं. 9 प्रश्नांवर मात्र आज संध्याकाळीच काम करता येतं.

शेवटी शेऱ्याच्या जागी नवं वाक्य लिहा. बहुतेक जण इथेच फसतात. भिंतीवर ‘मी अधिकारी होणारच’ असा कागद चिकटवतात, आणि मन लगेच उलट उत्तर देतं. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वतःबद्दल मुळातच कमी आदर असलेल्यांना अशी गोड वाक्यं म्हटल्यावर उलट जास्त वाईट वाटलं होतं. नव्या वाक्यावर आपला किती विश्वास बसतो त्याला 10 पैकी गुण द्या; 7 च्या खाली असतील तर वाक्यातला दावा अजून कमी करा. ‘या पेपरात वाचनाच्या 9 चुका झाल्या, पुढच्या पेपरात त्या 4 वर आणायच्या’ हे रुक्ष आहे, पण मनाला पटतं. स्वतःशी बोलताना ‘मी’ऐवजी आपलं नाव घेऊन, मित्राला सांगावं तसं बोललं तर थोडं अंतर पडतं. सुरुवातीला विचित्र वाटेल, तरी करून पाहा.

या सगळ्याला 15 मिनिटं, त्याहून जास्त नाही. वेळ वाढला की तपासणीचं रवंथ होतं. रात्री अंथरुणात विचार आला तर फक्त वाक्य लिहून ठेवा, आकडेमोड सकाळी. आणि ‘हा विचार करायचाच नाही’ असं ठरवू नका. डॅनियल वेग्नर यांच्या 1987 च्या प्रयोगात ज्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलं, त्यांच्या डोक्यात ते अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिलं.

दोन आठवडे झोप, भूक आणि कशातही रस नसणं असंच चालू राहिलं, तर वही पुरणार नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. जवळच्या माणसाला सांगा, एकटे राहू नका आणि सरकारच्या टेलि-मानस सेवेला 14416 वर फोन करा. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

परीक्षेच्या खोलीत वही नसते. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला अडलात आणि सगळं कोरं झालं, तर पेन खाली ठेवा. दोन्ही तळवे बाकावर टेकवा. चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. असे सहा श्वास म्हणजे एक मिनिट, आणि 120 मिनिटांत एक मिनिट परवडतं. सोडलेला श्वास लांबला की हृदयाची गती उतरते. मग पान उलटून हमखास येणारा एक प्रश्न शोधा आणि तो सोडवा.

उत्तर बदलण्याचा मोह झाला तर स्वतःला एकच विचारा: नवीन काय दिसलं? ‘अयोग्य’ हा शब्द नजरेतून सुटला होता, एखादं वर्ष आठवलं, तर उत्तरपत्रिकेवर गोल रंगवण्याआधी बेशक बदला. नुसतं ‘चुकलं असेल’ वाटतंय, तर हात लावू नका.

पहिला पेपर संपल्यावर मधल्या सुट्टीत कुणाशीही उत्तरं जुळवू नका. दारात घोळका दिसला की दुसरीकडे जा. डबा खा, पाणी प्या. दुसरा पेपर 33 टक्क्यांच्या पात्रतेचा आहे, म्हणजे 200 पैकी 66 गुण. दुपारच्या त्या दोन तासांत काम तेवढंच आहे.