अपूर्णांक, दशांश, टक्के: रूपांतर करताना या चुका टाळा

३/८ दशांशात लिहा म्हटलं की अनेक वह्यांत २.६६ हे उत्तर सापडतं. भागाकार बिनचूक असतो, फक्त उलटा: ८ ला ३ ने भागलेलं असतं. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायची सवय पूर्ण संख्यांपासून लागलेली असते, ती इथे दगा देते. मधली रेघ म्हणजेच भागाकार. वरचा अंश हा भाज्य, खालचा छेद हा भाजक. ३ ÷ ८ = ०.३७५. आकडेमोडीआधी एवढं बघा: अंश छेदापेक्षा लहान असेल तर उत्तर १ च्या आतच हवं. आठाचे निम्मे चार, आणि ३ त्याहूनही कमी, म्हणजे उत्तर ०.५ च्याही आत. २.६६ तिथेच बाद. रेघेच्या जागी टिंब देऊन ३.८ लिहिणारेही याच कसोटीवर सापडतात.

मला जास्त काळजी वाटते ती ०.७ ला ७ टक्के म्हणण्याची, कारण ही चूक वाचण्यातच रुजलेली असते. ‘दशांश चिन्ह दोन घरं उजवीकडे सरकवा’ हा नियम पाठ असतो, पण ०.७ मध्ये चिन्हानंतर एकच अंक दिसतो आणि हात तिथेच थांबतो. रिकाम्या घरात शून्य भरा: ०.७०, म्हणजे ७०/१००, म्हणजे ७० टक्के. ७ टक्के लिहायचे तर ०.०७. वाचतानाही दशांश चिन्हानंतरचे अंक सुटे वाचा. ०.२५ ला ‘शून्य पूर्णांक पंचवीस’ म्हटलं की पंचवीस हे सातापेक्षा मोठे वाटतात आणि ०.२५ हे ०.७ पेक्षा मोठं ठरतं. ‘शून्य पूर्णांक दोन पाच’ म्हटलं की दोन आणि सात एकाच घरात समोरासमोर येतात.

पाव, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द तोंडात असणं ही मराठी माणसाची मोठी सोय. पण टक्क्याला जोडून आले की जपा. पाव म्हणजे ०.२५ खरंच, पाव टक्का मात्र एका टक्क्याचा चौथा भाग, म्हणजे ०.२५% = ०.००२५ = १/४००. दहा हजारांचा पाव हिस्सा २५००, पाव टक्का फक्त २५. शंभरपटीचा फरक! म्हणून ‘टक्के’ हा शब्द दिसला की त्या जागी आधी ‘÷ १००’ लिहा, एक पायरी वाढली तरी वाढू द्या. साडेबारा टक्के म्हणजे १२.५/१००, अंशातलं दशांश चिन्ह घालवायला वर-खाली १० ने गुणा, १२५/१००० मिळतात, आणि संक्षिप्त रूप सुरेख १/८ येतं.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकात २ १/४ चं २.१४ करू नका. २ बाजूला ठेवा, १/४ चे ०.२५ करा, मग जोडा: २.२५, म्हणजेच २२५ टक्के. उत्तर शंभर टक्क्यांच्या वर गेलं म्हणून खोडायचं कारण नाही.

आता १/३. त्याचे ०.३३ करून पुढे गुणाकार केला की घोटाळा होतो. ३००० चा तिसरा हिस्सा १०००, पण ०.३३ ने गुणल्यावर येतात ९९०. दहा कुठे गेले? १ ला ३ ने भागताना प्रत्येक पायरीला बाकी पुन्हा १ च उरते, त्यामुळे ३ येतच राहतात. दोन घरांवर तोडलं तेव्हा उरलेलं सगळं सांडलं. अशा वेळी शेवटच्या पायरीपर्यंत अपूर्णांकच ठेवा, आणि टक्क्यांत ३३ १/३ लिहा. दशांश संपणार की नाही हे आधीच कळतं: संक्षिप्त रूपातल्या छेदाचे मूळ अवयव फक्त २ किंवा ५ असतील तर तो संपतो. ‘संक्षिप्त रूपातल्या’ हे विसरू नका. ३/१२ चा छेद बघून तो संपणार नाही असं वाटतं, पण तो १/४ आहे, म्हणजे ०.२५. याउलट १/७ मध्ये १४२८५७ हे सहा अंक फिरून फिरून येतात.

एक्सेलमध्ये साध्या चौकटीत २५ लिहून नंतर टक्क्याचं बटण दाबलं तर २५००% दिसतं. संगणक चुकलेला नसतो. २५ पूर्ण म्हणजे पंचवीसशे टक्केच. थेट २५% टाइप करा. आणि नुसतं ३/४ टाइप केल्यावर तारीख उमटली, तर आधी बरोबरचं चिन्ह द्या: =३/४. मग ०.७५ येतील.