विश्वाचं वय कागदावर काढताना: चार पट्ट्या आणि योग्य चल

सपाट (म्हणजे अवकाशाला एकूण वक्रता नसलेल्या) विश्वाचं वय काढायला कॉम्प्युटर लागत नाही. वही आणि वर्गमूळ काढणारा साधा कॅल्क्युलेटर पुरतो. सगळी खुबी आहे ती संकलन (इंटिग्रेशन) कोणत्या चलात (व्हेरिएबलमध्ये) करायचं हे ठरवण्यात.

आधी आकडे. पार्श्वभूमी प्रारण (आरंभीच्या विश्वातून उरलेला प्रकाश) मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या निकालांनुसार हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा आजचा दर, ६७.४ किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक आहे आणि एकूण ऊर्जेत द्रव्याचा वाटा ०.३१५ आहे. यात साधं द्रव्य आणि न दिसणारं डार्क मॅटर दोन्ही धरलेलं आहे. विश्व सपाट मानलं की उरलेले ०.६८५ प्रसरणाला वेग देणाऱ्या डार्क एनर्जीचे. द्रव्याच्या वाट्याला ‘द’ म्हणू, डार्क एनर्जीच्या वाट्याला ‘ल’ आणि स्केल फॅक्टरला (विश्वातली अंतरं आजच्या किती पट होती तो आकडा) ‘अ’. आज अ = १, आरंभी अ = ०.

हबल काळ, म्हणजे १ भागिले हबल स्थिरांक. एक मेगापार्सेक म्हणजे ३.०८५७ × १०^१९ किलोमीटर. याला ६७.४ ने भागलं की ४.५७८ × १०^१७ सेकंद येतात. वर्षाचे सेकंद ३.१५५७६ × १०^७ धरा, म्हणजे हबल काळ १४.५०७ अब्ज वर्षे मिळतो. वर्षाचे सेकंद ‘पाय गुणिले दहाचा सातवा घात’ धरण्याची सवय अनेकांना असते. अंदाजाला ती चालते, पण इथे तेवढ्यानेच वय सहा कोटी वर्षांनी फुगतं.

संकलन. प्रसरणाचा वेग सांगणारं फ्रीडमन समीकरण उलटं मांडलं की वय म्हणजे हबल काळ गुणिले पुढच्या राशीचं ० ते १ संकलन:

√अ ÷ √(द + ल·अ³)

पुस्तकांत हे बहुधा अ च्या ऋण घातांत दिलेलं असतं. ते तसंच प्रोग्राममध्ये उतरवलं तर अ = ० ला शून्याने भागाकार होऊन प्रोग्राम अडतो. वरच्या रूपात ती अडचण येत नाही. रेडशिफ्टच्या (१ ÷ अ मधून १ वजा केलेल्या राशीच्या) चलात संकलन केलं तर वरची मर्यादा अनंत असते आणि कुठेतरी थांबावंच लागतं. रेडशिफ्ट १० ला थांबलात तर आधीची सुमारे ४७ कोटी वर्षे हिशेबातून गळतात.

आता या संकलनाची किंमत काढायला सिम्प्सनचा नियम लावा. ० ते १ च्या चार पट्ट्या पाडा, म्हणजे पाच बिंदू मिळतील. पहिली आणि शेवटची किंमत जशीच्या तशी घ्या, दुसरी आणि चौथी चौपट, मधली दुप्पट. सगळ्यांची बेरीज १२ ने भागा. अ या चलात हे केलं तर ०.९३३ येतं, म्हणजे वय १३.५४ अब्ज वर्षे. खरं उत्तर १३.८० च्या जवळ आहे, म्हणजे चूक तब्बल २६ कोटी वर्षांची झाली. हिशेबात काहीच चुकलेलं नसतं. √अ चा चढ शून्यापाशी अनंत असतो. सिम्प्सनचा नियम वक्राला परवलयाचे तुकडे चिकटवतो, आणि असा उभा चढ परवलयाला पकडता येत नाही.

पट्ट्या शंभर करून हे दडपता येतं, पण त्यापेक्षा भौतिकीला विचारलेलं बरं. विश्वाच्या इतिहासाचा बराच मोठा भाग द्रव्याचा वरचष्मा असलेला आहे आणि त्या काळात वय अ च्या दीड घाताच्या प्रमाणात वाढतं. म्हणून तोच घात चल म्हणून घ्या: य = अ^(३/२). वर्गमूळ नाहीसं होतं आणि उरतं ते इतकंच:

(२/३) × [१ ÷ √(द + ल·य²)] चं ० ते १ संकलन

कंसातल्या राशीच्या पाच किमती अशा येतात. य = ० ला १.७८१७, ०.२५ ला १.६७१८, ०.५ ला १.४३४१, ०.७५ ला १.१९५० आणि १ ला १.००००. सिम्प्सनप्रमाणे बेरीज १७.११७. तिला १२ ने भागून १.४२६४, त्याचे दोन तृतीयांश ०.९५०९३. १४.५०७ ने गुणा: १३.७९५ अब्ज वर्षे.

पट्ट्या त्याच चार. पण चूक २६ कोटींवरून दहा लाख वर्षांच्या आत आली. या संकलनाचं बंदिस्त सूत्रही आहे. √(ल/द) चा व्यस्त हायपरबोलिक साइन घ्या आणि त्याला २ ÷ (३√ल) ने गुणा. ०.९५०९८ येतं, म्हणजे १३.७९६ अब्ज वर्षे. सूत्र हाताशी असूनही एकदा हाताने संकलन करावं, असं आमचं मत आहे. डार्क एनर्जीची घनता बदलती धरली की बहुतेक वेळा सूत्र साथ सोडतं, चल निवडण्याची सवय मात्र कामी येते.

प्रोग्राम लिहिला असेल तर त्याला आधी उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारा. फक्त द्रव्य असेल (द = १) तर संकलन बरोबर दोन तृतीयांश यायला हवं, म्हणजे ९.६७ अब्ज वर्षे. हे जुन्यात जुन्या ताऱ्यांच्या वयापेक्षा कमी भरतं, म्हणूनच नुसत्या द्रव्याचं सपाट विश्व टिकत नाही. द जसजसा शून्याकडे न्याल तसतसं उत्तर वाढतच गेलं पाहिजे. ते कुठे स्थिरावलं तर खालच्या मर्यादेपाशी गडबड आहे, कारण निव्वळ डार्क एनर्जीच्या विश्वाला आरंभच नसतो.

प्रारण (प्रकाश आणि प्रकाशासारखे वेगवान कण) कधी धरायचं. पार्श्वभूमी प्रारणाचं तापमान २.७२५५ केल्विन. त्यावरून फोटॉनांचा वाटा निघतो. न्यूट्रिनो या अतिहलक्या कणांना वस्तुमानरहित धरलं तर ते त्यात ६९ टक्क्यांची भर घालतात आणि एकूण वाटा ९.२ × १०^-५ होतो. (आज किमान दोन जातींच्या न्यूट्रिनोंना हे गृहीतक लागू पडत नाही, पण सुरुवातीच्या काळासाठी ते योग्य आहे.) आजच्या वयात प्रारणामुळे फक्त ६० लाख वर्षांच्या आसपास घट होते, म्हणून वर ते सोडून दिलं तरी चाललं. पण तोच हिशेब रेडशिफ्ट १०९० ला, पार्श्वभूमी प्रारण मोकळं झालं त्या क्षणाला लावून पाहा. प्रारण वगळलं तर वय ४ लाख ७८ हजार वर्षे येतं, धरलं तर ३ लाख ७१ हजार. आज नगण्य वाटणारा घटक तिथे एक लाखाहून जास्त वर्षांचा फरक पाडतो. शिवाय प्रारणाच्या राज्यात वय अ च्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे ‘य’ तिथे कामाचा नाही. सगळे कालखंड एकाच दमात हवे असतील तर अ चा नैसर्गिक लॉगॅरिदम चल घ्या आणि उणे २० पासून सुरुवात करा.

आकडे एकाच घरचे घ्या. सर्वात जास्त चुका इथे होतात, आणि कितीही बारीक पट्ट्यांनी त्या दुरुस्त होत नाहीत. समजा, सुपरनोव्हांवरून मिळणारा ७३ च्या आसपासचा हबल स्थिरांक घेतला आणि द मात्र प्लँकचा ०.३१५ च ठेवला. वय १२.७४ अब्ज येईल. पण पार्श्वभूमी प्रारणावरून थेट आणि घट्ट बांधली जाते ती राशी आहे द × (हबल स्थिरांक ÷ १००)², किंमत ०.१४३. ती कायम ठेवून स्थिरांक ७३ केला तर द ०.२६८ होतो आणि वय १३.३२ अब्ज. एका गृहीतकाने जवळजवळ ६० कोटी वर्षे इकडची तिकडे होतात, म्हणून काय कायम ठेवलं हे उत्तराशेजारी लिहिलंच पाहिजे.

अनिश्चिततेचंही तसंच. ६७.४ मध्ये ±०.५ आणि ०.३१५ मध्ये ±०.००७ आहे. दोन्ही स्वतंत्र मानून वर्गांची बेरीज केली तर वयात सुमारे १३ कोटी वर्षांची अनिश्चितता निघते. प्लँकने दिलेली आहे फक्त २.३ कोटी. हबल स्थिरांक वर गेला की द खाली येतो आणि वयावरचे दोघांचे परिणाम बरेचसे एकमेकांना खोडतात. तेव्हा निकालांमधून सुटे आकडे उचलू नका. प्लँकच्या नमुन्यांच्या साखळ्या (निरीक्षणांशी जुळणाऱ्या हबल स्थिरांक आणि द यांच्या जोड्यांच्या याद्या) उपलब्ध आहेत. त्यातल्या प्रत्येक नमुन्याच्या जोडीला वरचं सूत्र लावा आणि येणाऱ्या वयांचा पसारा मोजा.