सेलाडॉन या भांड्यांवरच्या काचेसारख्या लेपाचा (ग्लेझचा) हिरवा कधी निळसर, कधी पिवळट का येतो?

इथे बडोद्यात गॅस भट्टीवर काम करणारे बरेच जण हे विचारतात, तर आधी भट्टी बघा. ग्लेझमध्ये आयर्न ऑक्साइड जेमतेम 1 ते 2 टक्के असतं, भट्टीत ऑक्सिजन कमी पडला की तेच लोखंड हिरवं दिसतं आणि हवा जास्त राहिली तर पिवळट, म्हणून रिडक्शन, म्हणजे ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवणं, ग्लेझ वितळायच्या आधीच सुरू करा. मग माती. पांढऱ्या पोर्सलिनवर निळसर झाक, करड्या मातीवर राखाडी-हिरवी, कोरियाच्या गोर्यो राजवटीतल्या भांड्यांसारखी. टायटॅनियम असेल तर रंग ऑलिव्हकडे झुकतो. आणि हो, थर जाडच द्या, कोरलेल्या नक्षीच्या खाचांत ग्लेझ साचून जो गडद हिरवा येतो ना, मला तोच सगळ्यात आवडतो! टेस्ट टाइल (ग्लेझ तपासायचा नमुना तुकडा) दिवसाउजेडीच बघा, ट्यूबलाइटखाली रंग फसवतो.