जुनी वखार बघायला जाताय? या चुका टाळा

पहिली चूक घरातून निघण्याआधीच होते. इंग्रजीत 'फॅक्टरी' वाचायचं, मराठीत 'कारखाना' करायचा आणि मग सुरतेत जाऊन भट्टी नि धुराडं शोधत फिरायचं. सुरतेच्या इंग्रज वखारीचा आरंभ 1613 चा, पण तिथे काही बनत नव्हतं. फॅक्टर म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीसारख्या व्यापारी कंपनीचा अडत्या. तो जिथे राहायचा, माल ठेवायचा आणि हिशेब लिहायचा, ती फॅक्टरी. मार्केट यार्डातला गाळा आणि त्याच्या माडीवरची खोली डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झालं. आपल्याकडे त्याला 'वखार' हा नेमका शब्द आहे, तोच वापरा. मात्र वखार दिसली की फिरंगी, असंही नाही. लाकडाच्या वखारी गावोगाव आहेत, आणि सांगलीच्या वखारभागात डच सापडणार नाहीत.

दुसरी चूक, बुरूज आणि तोफा शोधण्याची. बहुतेक कंपन्यांनी सुरुवात भाड्याच्या घरात केली. सुरतेत इंग्रज भाडेकरूच होते. जपानमधल्या हिरादो बंदरात त्यांनी 1613 ते 1623 वखार चालवली, तीही ली दान नावाच्या चिनी व्यापाऱ्याकडून घेतलेल्या घरात. असं घर जमिनीत उरतं ते शेजारच्या घरासारखंच: जोतं, विहीर, कचऱ्याचा खड्डा. परकेपणा सापडला तर त्या खड्ड्यात सापडतो. नागासाकीच्या देजिमा बेटावरच्या उत्खननात गुराढोरांची हाडं निघाली. तिथला डच काय जेवत होता, हे ती हाडं भिंतींपेक्षा स्पष्ट सांगतात.

भिंतींवर फार भरवसा ठेवूच नका. हिरादोला डचांनी 1639 साली दगडी गोदाम बांधलं आणि त्यावर ख्रिस्ती सन कोरला. जपानात तेव्हा ख्रिस्ती धर्माला बंदी होती. शोगुनच्या, म्हणजे तिथल्या लष्करी शासकाच्या सरकारने तेच निमित्त करून 1640 मध्ये ते पाडायला लावलं, आणि 1641 मध्ये डचांना देजिमावर हलवलं. आज हिरादोला उभं आहे ते 2011 साली पुन्हा बांधलेलं. फोटो जरूर काढा, पण त्याच्या भिंतीवरून सतराव्या शतकाबद्दल काही ठरवू नका. कोकणातली गंमत वेगळी. वेंगुर्ल्याला डच 1637 मध्ये आले, पण चिरा इथलाच, चुना इथलाच, गवंडीही इथलाच. म्हणून जुनी जांभ्याची भिंत दिसली की 'पोर्तुगीज' म्हणून मोकळं होऊ नये. वर मंगळुरी कौलं असतील तर ती आणखीच अलीकडची, कारण बासल मिशनचा कौलांचा कारखाना 1865 चा.

सुरतेत याची उलटी फसगत होते. घुमट आणि कमानी बघून लोक 'नवाबाचा मकबरा' म्हणतात, आणि आत निजलेले असतात ऑक्झेंडन बंधू. त्यातला जॉर्ज हा 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख होता. मुघल शहरात मानाने पुरायचं तर मुघल धाटणीनेच, हे या व्यापाऱ्यांना बरोबर कळलं होतं.

आता खापरं. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबू. निळं-पांढरं खापर दिसलं की 'डच!' असा पुकारा होतो. आधी तुटलेली कड बघा. कड पांढरीशुभ्र, काचेसारखी घट्ट आणि चकाकी अंगाशी एकजीव असेल, तर ती चिनी किंवा जपानी पोर्सिलेन. कड पिवळसर, भुसभुशीत आणि वरचा पांढरा लेप पापुद्र्यासारखा निघत असेल, तर डेल्फ्ट, म्हणजे हॉलंडातली लेप दिलेली मातीची भांडी, असण्याची शक्यता. असा तुकडा जिभेला चिकटतो (मी लावून बघतो, तुम्ही निदान धुऊन लावा). डेल्फ्ट ही मुळात चिनी मालाची नक्कलच, त्यामुळे नक्षीवरून निवाडा होत नाही. नक्षी ठिपक्याठिपक्यांची, छापल्यासारखी असेल तर ती बहुधा एकोणिसाव्या शतकातली विलायती बशी. आजीच्या फडताळातही तशी सापडेल. बशीवर डच कंपनीची 'व्हीओसी' ही एकमेकांत गुंफलेली अक्षरं असली तरी ती हॉलंडात घडली असं नव्हे. कंपनी अशा बश्या जपानात, अरिताच्या भट्ट्यांतून करवून घेत होती. आणि मुख्य म्हणजे, निळ्या तुकड्यांच्या नादात बाजूच्या काळ्या-तांबड्या खापरांचा ढीग टाकून देऊ नका. वखारीत स्वयंपाकी, हमाल, दुभाषे, दलाल असायचे, ते इथलेच.

पांढऱ्या मातीच्या चिलमींचे तुकडे मिळाले की नळीचं भोक मोजून साल काढायचा मोह होतो. भोक जितकं बारीक तितकी चिलीम अलीकडची, हा नियम इंग्रजी चिलमींवरून 1954 मध्ये मांडला गेला. डच चिलमींना तो नीट लागू पडत नाही. तिथे टाचेवरचा शिक्का बघावा, पण जपून. हॉलंडातल्या गौडा गावात एकेक शिक्का वारसाने किंवा विकत पुढे जायचा आणि शंभर-शंभर वर्षं चालायचा. नाण्यांचंही तसंच. डच कंपनी 1799 अखेर बुडाली, पण तिचे तांब्याचे पैसे त्यानंतरही हातोहात फिरत राहिले. ज्या मातीच्या थरात नाणं सापडतं तो थर नाण्याइतका जुना असेलच असं नाही, नाण्याआधीचा मात्र नसतो.

जागा सापडत नसेल तर आजचा किनारा विसरा. देजिमा 1636 मध्ये भर घालून पुरं केलेलं बेट, आज चारी बाजूंनी शहरात अडकलंय. सुरतेची मोठी जहाजंही शहरात येत नसत, तापीच्या मुखाजवळच्या सुवाळीला नांगर टाकत. जुने नकाशे घ्या, नदीचे जुने काठ बघा.

आणि तुकडा खिशात घालू नका. 'एवढासा तर आहे' हे प्रत्येकजण म्हणतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना 1972 चा पुरावशेष कायदा लागू होतो, आणि संरक्षित जागेवरून काही उचललं तर प्रकरण अंगाशी येतं. शिवाय तो तुकडा कुठे, कशाशेजारी होता हे गेलं की उरते नुसती बशी. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, फोनवर जागा नोंदवा, तुकडा होता तिथे ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवा. मोजपट्टी नसेल तर पेन चालेल, फक्त नंतर त्याची लांबी मोजून लिहा.