शॉर्ट पिंपल रबर: घ्यायचं कोणतं आन खेळायचं कसं

आमच्या परभणीत टेबल टेनिसच्या हॉलवर गेल्या वर्षभरात चौघांनी बॅटच्या बॅकहँडला शॉर्ट पिंपल, म्हणजे बाहेरून बुटके दाणे असलेलं रबर, लावलं आन त्यातल्या दोघांनी दोन महिन्यात काढून बी टाकलं. का रे काढलं म्हणलं तर म्हणे "समोरच्याला त्रासच होईना की". म्हणजे घेताना ह्यांच्या डोक्यात आपली टेबल टेनिसवाली मनिका बात्रा होती. अरे पण मनिकाच्या बॅकहँडला लाँग पिंपल आहे, ती जातच वेगळी. लाँगचे दाणे उंच आन लवचिक, बॉल लागला की वाकतात आन समोरच्याचाच स्पिन (बॉलची फिरकी) त्याला परत देतात. शॉर्टचे दाणे बुटके आन जाड, ते फारसे वाकत नाहीत, तुम्ही मारलं तरच बॉल जातो. नुसती बॅट धरून उभं राहिलात तर समोरच्याला आयता बॉल मिळतो आन तो ठोकतो, मग दोष रबराचा.

आन हे काय नवीन खूळ बी नाही. १९५२ ला मुंबईत वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, तिथं जपानच्या हिरोजी सातोनं जाड स्पंजची बॅट आणली आन भल्याभल्यांना गार केलं, तोवर बहुतेक सगळे बिनस्पंजाच्या दाणेदार रबरानंच खेळायचे. आज आपण ज्याला शॉर्ट पिंपल म्हणतो ते म्हणजे तसल्याच दाणेदार रबराखाली स्पंज चिकटवलेला. चीनच्या लिऊ ग्वोलिआंगनं १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकात सिंगल्स आन डबल्स दोन्ही गोल्ड घेतले ते फोरहँडला शॉर्ट पिंपल लावून. आत्ताची म्हणाल तर जपानची मिमा इतो, तिच्या बॅकहँडला आहे. तिचे व्हिडिओ बघा आन बॉलकडं बघू नका, पायाकडं बघा, टेबल सोडून मागं जातच नाही पोरगी.

आता हे चालतं कसं ते नीट समजून घ्या, सगळी गोम इथंच आहे. इन्व्हर्टेड, म्हणजे आपलं गुळगुळीत रबर, बॉलला धरतं आन आलेला स्पिन मोडून स्वतःचा लावतं. दाण्यांची पकड कमी, त्यामुळं आलेला स्पिन पूर्ण मोडत नाही, थोडा बॉलवर तसाच राहतो. समोरच्यानं कट मारला, म्हणजे बॅकस्पिन, बॉल मागं फिरवत, तर बॉलची दिशा पलटल्यावर तोच उरलेला स्पिन तुमच्या बाजूनं टॉपस्पिन, म्हणजे पुढं फिरणारा, ठरतो, म्हणून कटचा बॉल शॉर्ट पिंपलनं सरळ ठोकता येतो, खालून घासत उचलायची गरज फार पडत नाही. त्यानं टॉपस्पिन मारला आन तुम्ही ब्लॉक केला, म्हणजे नुसता अडवला, तर बॉल जवळपास बिनस्पिनचा जातो, कधी किंचित कट घेऊन जातो, आन टप्पा पडल्यावर अंगावर यायच्या ऐवजी बसतो. समोरचा नेहमीसारखी बॅट झाकून, म्हणजे तोंड खाली करून, मारतो आन बॉल नेटात.

पण बॉलवर कायच नसलं तर? मेलेला बॉल, ना टॉप ना कट. तिथं उसना घ्यायला बी काय नाही, बॉल नेटवरून न्यायची कमान तुम्हालाच तयार करायची. माझं हेच झालं. नवीन नवीन लावलं होतं, नांदेडला एका स्पर्धेला गेलो, पहिल्याच राउंडला समोर साठीतले एक काका, पांढरी टोपी, गुडघ्याला पट्टा, आन बॅट तर इतकी जुनी की रबर काचेसारखं चकचकीत झालेलं. मी मनात म्हणलं झालं आपलं काम. काकांनी काय केलं, प्रत्येक बॉल नुसता हळूच तरंगत बॅकहँडला ठेवला. मी ठोकायचो, नेट. परत ठोकायचो, परत नेट. तीन गेममध्ये सरळ हरलो आन वर काका म्हणतात कसे, "बाळा, घाई कशाची व्हायली तुला?" असल्या बॉलला जोर अर्धा करायचा, गुडघे वाकवायचे, बॉल वर येईस्तोवर थांबायचं आन कोपरापासून हात वर नेत थोडं घासून पलीकडं ठेवायचा. पॉइंट नाही मिळाला तरी चालतो, पुढचा बॉल मारायचा.

घ्यायचं कोणतं हे सगळे आधी विचारायलेत, म्हणून सांगतो. पहिल्यांदाच लावत असाल तर स्पंज १.५ ते १.८ मिमीचा घ्या. २ मिमीच्या वर गेलात की स्पीड येतो पण ब्लॉक उडायला लागतात, आन पातळ घेतला तर कंट्रोल मस्त पण ठोकायला दम राहत नाही. दाणे रुंद आन जवळजवळ असले की पकड जास्त, स्पिन थोडा लावता येतो, बारीक आन लांब लांब असले की बॉल जास्त वेडावाकडा जातो पण तुम्हाला बी आवरत नाही. मिमा इतोमुळं निट्टाकूचं मोरिस्तो एसपी फेमस झालं, तसंच स्पेक्टॉल जपानी, हे दोन्ही चांगलेच पण खिशाला लागतात. फ्रेंडशिपचं ८०२ चिनी, स्वस्तात मस्त, शिकायला मी तेच सांगेन, सहा महिने खेळा आन मग ठरवा. ब्लेड, म्हणजे बॅटची फळी, लई फास्ट कार्बनची नको, साधी पाच प्लायची (थरांची) लाकडी बरी. स्पर्धा खेळायची असली तर रबरावर आयटीटीएफचा (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस संघटनेचा) मार्क बघूनच घ्या. एक बाजू काळी लागतेच, दुसरी लाल चालते, आन २०२१ पासून गुलाबी, जांभळा, हिरवा, निळा बी चालतो.

खेळताना टेबलापासून हातभर अंतर, त्याच्या मागं गेलात की संपलं, कारण आपला बॉल सपाट जातो, लांबून मारला की एकतर नेट नाहीतर बाहेर. बॅकस्विंग, म्हणजे मारायच्या आधी बॅट मागं नेणं, पोटापर्यंतच, मोठा घ्यायचा नाही. बॉल टप्पा पडून वर चढायलाय तेव्हाच किंवा अगदी टोकावर असताना मारायचा, खाली यायची वाट बघायची नाही (मेलेला बॉल सोडून, तो टोकावर आल्यावरच). टॉपस्पिनला इन्व्हर्टेडनं जेवढी बॅट झाकायचात त्याच्यापेक्षा जरा उघडी ठेवा आन पुढं ढकला, बुक्की मारल्यासारखं. कटला बॅट जवळपास उभी, पुढं आन किंचित वर. सर्व्हिस मात्र इन्व्हर्टेडच्या बाजूनंच करा, हातात बॅट फिरवायची सवय लावा, टीव्ही बघता बघता बी होते ती.

प्रॅक्टिसला बादलीभर बॉल घ्या आन पार्टनरला सांगा एक टॉप, एक कट, एक मेलेला असे मिसळून दे. नुसते टॉपस्पिन ब्लॉक करत बसलात तर दोन दिवसात वाटतं आपण मिमा इतो, आन मग कुणीतरी पट्टावाले काका भेटतात.

आपल्याकडं धूळ लई, पण ह्या रबराला इन्व्हर्टेडएवढा त्रास होत नाही तिचा, जुन्या टूथब्रशनं कोरडंच झाडलं की झालं. ऊन मात्र सोसत नाही. मी मे महिन्यात बॅट स्कूटीच्या डिक्कीत ठेवून दुपारभर लग्नात जेवत बसलो, संध्याकाळी बघतो तर रबराची कड उचलून पापडासारखी वळलेली. परत चिकटवलं पण कडंचे दाणे तुटायला लागले, बुडाशी चिरा पडल्या होत्या. असे दाणे गेले की स्पर्धेत अंपायर बॅट बाजूला ठेवायला लावू शकतो, म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री दाणे हलके वाकवून बुडाशी चीर आहे का बघून घ्या.