पस्तिशीनंतरच्या बॉक्सरचा उंचीवरचा कॅम्प: चढण्याआधी, वर असताना, उतरल्यावर

लढतीची तारीख पक्की झाली की कॅलेंडर उलटं मोजायला घ्यावं. लढत मुंबईत आणि कॅम्प हिमाचलात, शिमल्याहून नारकंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिलारूला, साधारण २४०० मीटरवर, असं धरू. लढतीच्या १६ ते १८ दिवस आधी खाली उतरलेलं हवं, वर किमान २४ दिवस हवेत आणि चढण्याआधी रक्त सुधारायला सहा आठवडे हवेत. म्हणजे काम बारा आठवडे आधी सुरू होतं. नोकरीतून साडेतीन आठवड्यांची सुटी मिळत नसेल तर बेत सरळ रद्द करावा. दहा दिवसांच्या कॅम्पमध्ये उंचीचा त्रास पुरेपूर भोगावा लागतो आणि फायदा हाती येण्याआधीच परतीची गाडी धरावी लागते.

फायदा नेमका कशाचा, हे आधी स्वच्छ असावं. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांश उरतो. एक-दोन दिवसांत शरीरातलं एरिथ्रोपोएटिन, म्हणजे तांबड्या पेशी बनवायला लावणारं संप्रेरक, वाढतं, आणि तीन-चार आठवड्यांत एकूण हिमोग्लोबिन साधारण ३ ते ४ टक्क्यांनी वाढू शकतं. दमसास वाढतो तो यामुळे. कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर लेकला, २००० मीटरच्या थोडं वर, ऑस्कर डी ला होया, शेन मोस्ली, गेनाडी गोलोव्किन यांनी कॅम्प केले ते याच हिशेबाने. पण वय वाढतं तसं बॉक्सरचं आधी जातं ते पायांचं चापल्य, हाताचा वेग आणि दोन सरावांमधली भरपाई. यातलं काहीही उंची परत देत नाही, उलट वर असेपर्यंत तिन्ही गोष्टी आणखी ढिल्या पडू शकतात. म्हणून पस्तिशीनंतरच्या कॅम्पमध्ये दम आपोआप वाढू द्यायचा आणि वेग मुद्दाम राखायचा.

तपासण्यांमध्ये ईसीजी, ट्रेडमिल चाचणी, इको आणि आठवडाभराचा घरी मोजलेला रक्तदाब हवा, कारण उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब चढतो. डोळ्यांत थेंब घालून पडद्याची तपासणी आणि मेंदूचा एमआरआय बॉक्सरने या वयात तसेही करायलाच हवेत. महाराष्ट्रातल्या बॉक्सरसाठी आणखी एक तपासणी, जी बहुतेक याद्यांमध्ये नसते: सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक दोष. विदर्भात आणि नंदुरबार पट्ट्यात सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. वाहक माणूस खाली ठणठणीत असतो, वर्षानुवर्षं बॉक्सिंगही करतो. वर मात्र कष्टाच्या सरावात प्लीहेचा रक्तपुरवठा अडकू शकतो आणि डाव्या बरगड्यांखाली जबर कळ येते. सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आहे. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी चाचणी, करून घ्यावी आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नये.

फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, चढण्याच्या सहा आठवडे आधी बघायचं. ते ३०-४०च्या खाली असेल तर वर जाऊन रक्त वाढत नाही; कच्चा मालच नाही तर भट्टी पेटवून काय उपयोग. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी आणि चहा तिच्या आधी-नंतर किमान तासभर लांब ठेवावा. आपल्याकडे गोळी वाया जाते ती बहुधा चहामुळेच. चाळिशीकडे झुकलेल्या पुरुषाचं लोह कारण नसताना कमी निघालं, तर गोळ्यांवर भागवू नये, पोटातून रक्त जातंय का ते बघावं. गोळ्यांऐवजी सलाइनमधून लोह घेण्याचा मोह आवरावा. १२ तासांत १०० मिलिलीटरपेक्षा जास्त सलाइन रुग्णालयातल्या उपचाराशिवाय किंवा परवानगीशिवाय घेणं उत्तेजकविरोधी नियमांत बसत नाही.

याच नियमांमुळे औषधांची पिशवी घरीच उलटी करून तपासावी. लेह-लडाखला जाणारे पर्यटक सर्रास डायमॉक्स घेतात. त्यातलं अ‍ॅसिटाझोलामाइड हे मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, आहे आणि मूत्रलं खेळाडूला बाराही महिने बंद आहेत. रक्तदाबाच्या गोळीच्या नावामागे ‘एच’ किंवा ‘सीटी’ असेल तर तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असतं. तेही त्याच यादीत. गोळी परस्पर बंद करायची नाही. डॉक्टरांकडून बदलून घ्यायची, नाहीतर नाडाकडे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे) उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज करायचा, आणि हे बारा आठवडे आधी, कारण नव्या गोळीवर रक्तदाब बसायला वेळ लागतो. वर किंवा उतरल्यावर रक्ताचा नमुना घ्यायला कुणी आलं, तर उंचीवर राहिल्याच्या तारखा फॉर्मवर न विसरता लिहाव्यात.

सामान फार लागत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, रक्तदाबाचं यंत्र, वजनकाटा, पॅरासिटामॉल, मिठाच्या पाण्याचा नाकाचा स्प्रे आणि व्हॅसलीन. नाक पूर्वी मोडलेलं असेल तर कोरड्या हवेत घोळणा फुटतोच; रात्री दोन्ही नाकपुड्यांत व्हॅसलीन आणि खोलीत ओला टॉवेल. १६ औंसांचे ग्लोव्ह्ज, साडेचार मीटरचे हँडरॅप (हाताला गुंडाळायच्या पट्ट्या) तीन जोड, कारण थंडीत ते वाळत नाहीत. अंग तापवायला खाली बारा मिनिटं पुरत असतील तर इथे पंचवीस धरावीत; जुन्या बोटांच्या पेरांना आणि खांद्यांना त्याशिवाय ठोसे मारायच्या बॅगवर नेऊ नये.

घरून निघण्याआधी एक आकडा लिहून ठेवावा. बॅगसमोर ८ सेकंद जीव तोडून सरळ ठोसे मारायचे, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करायचं आणि ठोसे मोजायचे. असे सहा प्रयत्न, मध्ये पूर्ण एक मिनिट विश्रांती. हाच तुमच्या वेगाचा काटा. वर आठवड्यातून दोनदा, सकाळी, ताज्या अंगाने हेच करायचं. आकडा दहा टक्क्यांहून जास्त घसरला की त्या दिवशी सराव तिथेच थांबवायचा. थकल्या अंगाने वेगाचा सराव केला की शरीर संथ ठोसाच गिरवतं.

पहिले तीन दिवस चालणं आणि तीन हलक्या फेऱ्यांचं शॅडो बॉक्सिंग (समोर कुणी नसताना हवेत ठोसे), एवढंच. जुन्या नाडीच्या आकड्यांवर जाऊ नये. ३८ वर्षांच्या माणसाची कमाल नाडी २०८ वजा वयाच्या सात-दशांश या सूत्राने १८१च्या आसपास येते. वर ती तिथवर पोहोचतही नाही आणि माणूस आकडा गाठायच्या नादात स्वतःला पिळून काढतो. बोलता येतंय का, एवढं पाहावं. दुसऱ्या आठवड्यात बॅगच्या सहा फेऱ्या, पण तीन मिनिटांमागे दोन मिनिटं विश्रांती. तिसऱ्यात दीड मिनिट, शेवटच्या दिवसांत एक. रोज उठल्यावर नाडी आणि ऑक्सिजन बघायचा. बोटं गार असली की ऑक्सिमीटर खोटा कमी आकडा दाखवतो. हात काखेत धरून गरम करावेत आणि आकडा मिनिटभर स्थिरावू द्यावा. ऑक्सिजन ९२ ते ९५ टक्के इथे सामान्य. पाचव्या दिवसानंतरही नाडी घरच्यापेक्षा दहाने जास्त असेल तर तो दिवस हलका.

आठव्या दिवसाआधी स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, नाही. इथे तडजोड नको, आणि कारण दमाचं नाही, डोकेदुखीचं आहे. पहिल्या रात्रींत उंचीमुळे डोकं दुखतं, मळमळतं, झोप तुटते. मेंदूला हादरा बसला तरी हेच होतं. तिसऱ्या दिवशी स्पॅरिंग केलेल्या बॉक्सरचं रात्री डोकं दुखलं, तर कोच ‘उंचीमुळे असेल’ म्हणून झोपायला जातो. वयाबरोबर मेंदू किंचित आकसतो, त्याच्या आणि कवटीच्या मधल्या शिरा ताणलेल्या असतात, त्यामुळे या वयात ती चूक महागात पडते. आठव्या दिवसानंतरही नियम एकच: स्पॅरिंगनंतर २४ तासांत दुखलेलं डोकं हे ठोशाचंच समजायचं, स्पॅरिंग बंद, डॉक्टर. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको, रक्तस्राव वाढू शकतो. पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, एक बाहुली मोठी दिसणं यांपैकी काहीही असलं तर रात्रीच शिमल्याला न्यायचं. म्हणून गाडी आणि चालक कायम मुक्कामी हवेत. घाटरस्त्याने पन्नासेक किलोमीटर आहेत. स्पॅरिंग आठवड्यातून दोनदाच, चार फेऱ्या, मध्ये ७२ तास.

वर भूक मरते, तहान तर या वयात तशीही उशिरा लागते. सकाळचं वजन एका दिवसात किलोभर उतरलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. दिवसाला साडेतीन-चार लिटर, घोटाघोटाने. भात, पोळी, बटाटा कमी करू नये, कारण वर त्याच सरावाला स्नायूंतली साखर जास्त जळते. चार जेवणांत प्रत्येकी वजनाच्या किलोमागे ०.४ ग्रॅम प्रथिनं. ७० किलोच्या माणसाला एका वेळी २८ ग्रॅम, म्हणजे चार अंडी आणि वाटीभर दही. वजन उतरवायची जागा ही नाही. लढतीच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आतच वर चढावं.

उतरल्यावर मुंबईचा दमटपणा अंगावर येतो. वर गारव्यात घामाची सवय मोडलेली असते, रक्तातलं पाणीही कमी झालेलं असतं. पहिले दहा दिवस दुपारच्या उकाड्यात तासभर हलकं काम, सोबत मीठ-साखरेचं पाणी. तिसऱ्या ते दहाव्या दिवसात पाय बहुतेकदा शिशासारखे वाटतात. तेव्हा ‘कॅम्प फुकट गेला’ म्हणून कोचने मेहनत वाढवली की वरचं सगळं तिथेच सांडतं. त्या दिवसांत स्पॅरिंग नको, कोचच्या हातातल्या पॅडवर छोट्या फेऱ्या चालतील. अकराव्या दिवशी पुन्हा मोबाइल लावून ८ सेकंदांचे ठोसे मोजावेत आणि घरून निघतानाच्या आकड्याशी ताडून बघावेत. तो आकडा परत आला असेल तर उरलेल्या दिवसांत एकदाच, खऱ्या वेळेच्या फेऱ्यांचं स्पॅरिंग, तेही लढतीच्या किमान पाच दिवस आधी. आला नसेल तर स्पॅरिंग वगळून झोप वाढवावी.