डीटीएमएफ डीकोडर करताय? आधी ८ आणि ० दाबून बघा

डीटीएमएफ म्हणजे फोनचं बटण दाबल्यावर वाजणारा टोन, आणि डीकोडर म्हणजे तो ऐकून बटण ओळखणारा. फायनल इयरला आमच्या बॅचमधल्या बहुतेकांनी हे काम करणारी ८८७० ची तयार आयसी लावून मोबाईलवर चालणारी गाडी केली. गाडी पळते, पण टोन कसा ओळखला ते शेवटपर्यंत कळत नाही, असं माझं ठाम मत. मी टोन कोडमध्ये ओळखायला घेतला आणि दोन आठवडे रडकुंडीला आलो.

बटणागणिक दोन सूर, एक ओळीचा, एक स्तंभाचा, हे तुम्हाला माहीत आहेच. ५ म्हणजे ७७० आणि १३३६ हर्ट्‌झ. अमेरिकेतल्या बेल सिस्टिम या टेलिफोन कंपनीने १९६३ मध्ये पेनसिल्व्हेनियात सुरुवात केली तेव्हापासून हेच.

घोळ पुढे आहे. ठरावीक सुराची ताकद मोजणारा गोएर्ट्झेल अल्गोरिदम घेतला, सॅम्पलिंग सेकंदाला ८००० चं. कोड झटपट चालावा म्हणून मी ब्लॉक, म्हणजे एका वेळी तपासायचा तुकडा, ८० सॅम्पलचा घेतला. ८००० भागिले ८० म्हणजे १०० हर्ट्‌झचा एकेक कप्पा; प्रत्येक सूर जवळच्या कप्प्यात मोजला जातो. आता बघा: ८५२ ला (७-८-९ च्या ओळीचा सूर) जवळचा कप्पा नववा, आणि ९४१ लाही (० च्या ओळीचा) नववाच! खालच्या दोन्ही ओळी एकाच कप्प्यात. ० दाबला की ८ दिसायचा. ८ दाबला तर कधी ८, कधी ५, कारण ८५२ हे ८०० आणि ९०० च्या जवळजवळ मधोमध येतं. १ ते ६ मात्र बिनचूक! म्हणून मी कीपॅड बदलला, सोल्डरिंग पुन्हा केलं. कोडवर संशयच आला नाही.

गाईड म्हणाले, "डेमोला १ ते ६ च दाबा." असला सल्ला अजिबात ऐकू नका. लॅब असिस्टंट काकांनी प्रत्येक बटणाला आठही सुरांची ताकद प्रिंट करायला लावली. दोन ओळींपुढे तंतोतंत एकच आकडा आला, तेव्हा उमगलं.

ब्लॉक २०५ चा घ्या. कप्पा ३९ हर्ट्‌झचा होतो; ८५२ बाविसाव्यात, ९४१ चोविसाव्यात. वेळ २५.६ मिलिसेकंद, टोन किमान ४० चा धरतात. पण हा २०५ कुठूनतरी उचलून चिकटवू नका, भागाकार स्वतः करा. घाबरू नका, यापेक्षा अवघड गणित मला लागलं नाही.

आकडे जुळले की आईशी फोनवर बोलतानाचं रेकॉर्डिंग डीकोडरला ऐकवा. एकही बटण उमटता कामा नये. उमटलंच, तर प्रत्येक सुराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीवरची ताकदही मोजा: माणसाच्या आवाजात ती असते, शुद्ध टोनमध्ये जवळपास नसते.